‘ईश्वर एक’ या वाक्यावरून बगदादेत फटके का पडले?

इ.स. १०२७-२८ च्या सुमारास लाहोरच्या टांकसाळीत चांदीचे एक नाणे पाडले गेले. नाणे गझनीच्या महमूदाचे. एका बाजूस अरबीत कलमा, म्हणजे अल्लाहखेरीज कोणी पूज्य नाही आणि मुहम्मद हे त्याचे प्रेषित आहेत, ही इस्लामची मूळ ग्वाही. दुसऱ्या बाजूस तीच ग्वाही चक्क संस्कृतात, भारतीय लिपीत. सोमनाथावरची स्वारी होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे लोटली होती. राज्य चालवायचे तर पंजाबच्या बाजारातल्या माणसाला नाणे ओळखू आले पाहिजे, हे महमूदाला पक्के ठाऊक होते.

आज आपल्याला पाहायचे आहे ते त्या संस्कृत मजकुरातले शब्द. ईश्वराच्या एकत्वासाठी तेथे ‘अव्यक्तम् एकम्’ असे शब्द आहेत आणि प्रेषितासाठी ‘अवतार’.

‘अवतार’ हा शब्द इस्लामी सिद्धान्ताच्या दृष्टीने सरळ चुकीचा आहे. प्रेषित हा निरोप पोहोचवणारा मनुष्य. ईश्वर देह धारण करून पृथ्वीवर येतो ही कल्पना इस्लामने पहिल्या दिवसापासून नाकारली. पण ‘अव्यक्त’ हा शब्द? तो बरोबर की चूक? जो एक आहे तो गुणांच्या पलीकडचा आहे, की त्याला ज्ञान, सामर्थ्य, वाणी असे गुण आहेत? आणि गुण असतील, तर त्याचे ‘एक’पण अभंग कसे राहते?

हा प्रश्न पंडितांच्या ओसरीवरचा वाटतो. परंतु लाहोरच्या या नाण्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी बगदादेत याच प्रश्नावरून माणसे साखळदंडात अडकली, चाबकाखाली आली, एकाचे मस्तक तर शहरात टांगले गेले. मौज अशी की त्या वादातले दोन्ही पक्ष ईश्वराच्या एकत्वासाठीच लढत होते. आजचा धागा त्या संघर्षावर आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘तौहीद’ याचा अर्थ नुसता ‘एक असणे’ असा नाही, तर ‘एक मानणे, एक ठरवणे’ असा आहे. अरबी व्याकरणात हे क्रियेचे नाम आहे. म्हणजे तौहीद ही श्रद्धावंताने करायची गोष्ट आहे. गंमत म्हणजे हा शब्द या रूपात कुराणात कोठेही येत नाही. ‘एक’ या अर्थाचे ‘वाहिद’ आणि ‘अहद’ हे शब्द येतात. त्याच्या उलट संकल्पना ‘शिर्क’, म्हणजे ईश्वराच्या ईश्वरपणात दुसऱ्या कोणाला भागीदार करणे. इस्लाममध्ये याहून मोठे पाप नाही.

सातव्या शतकाच्या आरंभीची मक्का नास्तिक नव्हती, आणि अल्लाह हे नावही तिला नवे नव्हते. प्रेषित मुहम्मदांच्या वडिलांचे नावच अब्दुल्लाह होते, अर्थात ‘अल्लाहचा सेवक’. सृष्टी निर्माण करणारा एक श्रेष्ठ देव आहे, हे मक्केच्या लोकांना मान्य होते. पण तो दूरचा. जवळचे होते काबागृहातला हुबल, ताइफची अल-लात, नख्लाची अल-उज्झा, आणि मक्का-मदिना मार्गाजवळची मनात. पाऊस, प्रवास, पोटपाणी, मूलबाळ यांसाठी गाऱ्हाणे या जवळच्या देवतांकडे जाई. प्रत्येक टोळीचे दैवत तिची प्रतिष्ठा होते आणि या सर्वांना छत्र देणारे काबागृह म्हणजे कुरैश टोळीचा मान आणि मिळकत.

इ.स. ६१० च्या सुमारास प्रेषितांनी जो उपदेश सुरू केला, त्याने दैवतांची संख्या कमी केली एवढेच त्याचे महत्त्व मानले तर मक्केचा संताप कळणार नाही. मध्यस्थ काढून टाकले, हे खरे वर्म होते. ज्याच्यापुढे झुकायचे तो एकच असेल, तर टोळीच्या दैवताची, म्हणून टोळीप्रमुखाच्या शब्दाची आणि वाडवडिलांच्या रीतीचीही अंतिम सत्ता संपते.

हे सर्वांत आधी कोणाला उमगले असेल? परंपरेत बिलाल या हबशी गुलामाची कथा येते. त्याचा धनी उमय्या इब्न खलफ त्याला भर दुपारी तापल्या वाळूवर उताणा निजवी आणि छातीवर धोंडा ठेवी. बिलालच्या तोंडी एकच शब्द असे, ‘अहद’. एक. पुढे अबू बक्र यांनी त्याला विकत घेऊन मुक्त केले. इ.स. ६३० मध्ये मक्का हाती आली, काबागृहातल्या मूर्ती हटवल्या गेल्या, आणि परंपरेप्रमाणे काबागृहाच्या छपरावरून अजान देण्याचा मान याच बिलालला मिळाला. गुलामाला त्या शब्दात तत्त्वज्ञान दिसले नसेल, पण आपला धनी हा आपला अखेरचा धनी नाही, एवढे त्याला नक्की दिसले असणार.

श्रद्धावंताच्या आयुष्यात ही ग्वाही किती खोल गेली आहे, हे सांगितल्याखेरीज पुढचे नाट्य कळणार नाही. नवजात बालकाच्या कानात अजान सांगितली जाते, तिच्यात हीच ग्वाही असते. दिवसातून पाच वेळा मिनारावरून तीच ऐकू येते. नमाजात बसलेला माणूस उजव्या हाताची तर्जनी उचलतो, ती त्या एकाकडे निर्देश करत. आणि मरणशय्येवरच्या माणसाच्या ओठी शेवटी हेच शब्द यावेत, अशी आप्तांची धडपड असते.

आता साठ-सत्तर वर्षे पुढे येऊ. अरबांचे राज्य सिरिया, इजिप्त, इराण येथवर पसरले होते, पण बाजारातला पैसा अजून जुन्याच राजांच्या मुद्रेचा होता. सोन्याच्या नाण्यावर बायझंटाइन सम्राट, चांदीच्या नाण्यावर इराणचा सासानी राजा आणि पाठीमागे अग्निवेदी. खलिफा अब्द अल-मलिक याने दोन गोष्टी केल्या. हिजरी ७२ मध्ये, म्हणजे इ.स. ६९१-९२ मध्ये, जेरुसलेमात खडकावरचा घुमट उभा राहिला. आत अष्टकोनी कमानींच्या दोन्ही अंगांनी सोनेरी काचतुकड्यांत सुमारे २४० मीटर लांबीचा लेख आहे. ईश्वर एक आहे, त्याला पुत्र नाही, मरियमपुत्र येशू हा त्याचा प्रेषित आहे, असा त्याचा आशय. जेरुसलेम तेव्हा बहुतांशी ख्रिस्ती वस्तीचे शहर होते आणि येशूच्या थडग्यावरचे महामंदिर हाकेच्या अंतरावर होते. लेख कोणाला उद्देशून आहे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट नाण्यांची. काही वर्षे अब्द अल-मलिकाने स्वतःची उभी, तलवारधारी आकृती असलेली नाणी पाडून पाहिली. मग हिजरी ७७ मध्ये (इ.स. ६९६-९७) त्याने सारेच पुसले. नव्या सोन्याच्या दिनारवर चित्र नाही, मुकुट नाही, खलिफाचे नावसुद्धा नाही. केवळ अक्षरे, आणि त्यांत मध्यभागी एकत्वाची ग्वाही. दोन वर्षांनी चांदीचा दिरहमही तसाच झाला. जगाच्या नाणेशास्त्रात याला तोड नाही, असे मला वाटते. राजाने आपला चेहरा काढून तेथे एक वाक्य ठेवले, आणि ते वाक्य स्पेनपासून सिंधपर्यंत प्रत्येक हातातून फिरू लागले.

तौहीद आता राज्याची मुद्रा झाली होती. राज्याची मुद्रा झालेल्या वाक्याचा अर्थ कोणी सांगायचा, हा प्रश्न मग उद्भवणारच होता.

आठव्या शतकात बसरा शहरात विचारवंतांचा एक पंथ उदयाला आला. लोक त्यांना ‘मुतझिला’, म्हणजे अलग झालेले, म्हणत. ते स्वतःला मात्र ‘न्याय आणि तौहीद यांचे लोक’ म्हणवत. वासिल इब्न अता (मृत्यू इ.स. ७४८) हा त्यांचा आद्य पुरुष मानला जातो. यांची तर्कशिस्त कडक. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: अनादी केवळ ईश्वर आहे. आता ईश्वराचे ज्ञान, ईश्वराचे सामर्थ्य, ईश्वराची वाणी या त्याच्याहून वेगळ्या आणि तरीही अनादी वस्तू मानल्या, तर अनादी तत्त्वे एकाची अनेक होतात. मग तौहीद उरली कोठे? म्हणून ईश्वर जाणतो तो आपल्या स्वरूपानेच. ‘ज्ञान’ नावाची निराळी चीज त्याच्यापाशी नाही. कुराणात ईश्वराचा हात, मुख, सिंहासन असे उल्लेख येतात ते लाक्षणिक समजावेत.

येथे मराठी वाचकाला सगुण-निर्गुणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. हे साम्य जपून घ्यावे. आपल्याकडे सगुण म्हटले की मूर्ती आणि अवतार डोळ्यांपुढे येतात. बगदादच्या वादात मूर्ती दोन्ही पक्षांना सारखीच अमान्य होती. वाद होता तो गुण आणि गुणी यांच्या नात्याचा.

या तर्काचे टोक जाऊन लागले ते कुराणाला. कुराण ही ईश्वराची वाणी, हे सर्वांना मान्य. पण ती वाणी अनादी की निर्मित? मुतझिलांचे उत्तर स्पष्ट होते: निर्मित. ईश्वराने सूर्य निर्माण केला, पर्वत निर्माण केले, तसेच कुराणही एका क्षणी निर्माण केले. तसे न मानणे म्हणजे ईश्वराशेजारी दुसरे अनादी तत्त्व बसवणे. ख्रिस्ती लोकांनी नेमके हेच केले, असा त्यांचा इशारा होता. येशू हा ईश्वराचा शब्द, शब्द अनादी, म्हणून येशूही अनादी.

विरुद्ध बाजूस हदीसचे अभ्यासक होते, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींची परंपरा जमवणारे, तिची पारख करणारे लोक. त्यांना हा सारा तर्कच उपरा वाटे. ईश्वराने स्वतःविषयी जे सांगितले ते तसेच मानावे, ‘कसे’ असे विचारू नये. कुराण ईश्वराची वाणी आहे, आणि ईश्वरापासून जे आहे ते निर्मित असू शकत नाही.

सामान्य श्रद्धावंताच्या जागी उभे राहून पाहा. ईश्वर अदृश्य आहे, त्याची मूर्ती नाही, त्याला पुत्र नाही, पुरोहित नाही, मध्यस्थ नाही. तौहीदने हे सारे काढून घेतले आणि त्याच्या हाती एकच गोष्ट ठेवली: त्या एकाची वाणी, जी तो रोज आपल्या ओठांनी उच्चारतो. तीच ‘निर्मित वस्तू’ ठरली तर ईश्वर आणि तो यांच्यामधला शेवटचा धागाही तुटल्यासारखा होतो. उलट ती अनादी ठरली, तर मुतझिलांच्या हिशेबाने दोन ईश्वर होतात. एकाला वाटे तौहीद बुडते, दुसऱ्याला वाटे ईश्वरच दूर जातो. कोणतीही बाजू मूर्ख नव्हती. ‘बुद्धिवादी विरुद्ध सनातनी’ अशी सरधोपट मांडणी जेथे तेथे वाचायला मिळते, ती म्हणूनच मला पटत नाही.

आणि पुढे घडले ते तर त्या मांडणीला उलटेच पाडणारे आहे.

हारून अल-रशीदचा पुत्र खलिफा अल-मामून (राज्यकाळ इ.स. ८१३ ते ८३३) हा ज्ञानाचा भोक्ता म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ते खरेही आहे. ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे त्याच्या आश्रयाने झाली, पृथ्वीचा परीघ काढण्यासाठी त्याने वाळवंटात मोजणी करवली. पण सिंहासन त्याला भावाशी युद्ध करून मिळाले होते. भाऊ अल-अमीन मारला गेला, बगदाद वेढ्यात होरपळले, आणि मामून त्या शहरात पाऊल टाकू शकला तो इ.स. ८१९ मध्ये. मधल्या बेबंद काळात बगदादच्या मोहल्ल्यांनी खलिफावाचून आपली व्यवस्था लावायला शिकून घेतले होते, आणि धर्म काय सांगतो हे विचारायला लोक दरबाराऐवजी हदीसच्या विद्वानांकडे जात होते. धर्माचा अंतिम अर्थ खलिफाने सांगायचा, अशी मामूनची धारणा होती. जेरुसलेमच्या घुमटातल्या त्या लेखातले अब्द अल-मलिकाचे नाव खोडून तेथे स्वतःचे नाव घालणारा हाच मामून. कारागिरांनी नाव बदलले, हिजरी ७२ हे वर्ष बदलायचे मात्र राहून गेले. म्हणून आज आपल्याला खरा कर्ता कळतो.

इ.स. ८२७ मध्ये त्याने ‘कुराण निर्मित आहे’ हे मत जाहीर केले. इ.स. ८३३ मध्ये, बायझंटाइन सीमेवरच्या मोहिमेत असताना, त्याने बगदादचा प्रमुख अधिकारी इसहाक इब्न इब्राहिम याला पत्र धाडले: काझींना आणि विद्वानांना बोलावून एकेकाला हा प्रश्न विचारावा. जो ‘निर्मित’ म्हणणार नाही त्याची साक्ष न्यायालयात ग्राह्य धरू नये, त्याला पदावर ठेवू नये. या चौकशीला इतिहासात ‘मिहना’ म्हणतात, म्हणजे कसोटी.

बहुतेकांनी प्रथम आडवळणाची उत्तरे दिली. कुराण ईश्वराची वाणी आहे, एवढे म्हणून ते थांबत. निर्मित आहे का, असे पुन्हा विचारले की पुन्हा तेच. मामूनचे यावरचे उलटपत्र इतिहासकार तबरीने जतन केले आहे आणि ते विलक्षण आहे. ईश्वराच्या एकत्वाची बाजू मांडता मांडता खलिफा एकेका विद्वानाच्या चोरीचे, लाचेचे, व्याजबट्ट्याचे किस्से काढतो. गुप्तवार्ता खाते कामाला लागले होते, हे उघड आहे.

मग तलवारीची भाषा आली आणि सारे नमले. धर्मशास्त्रात त्याला आधारही होता: जिवावर बेतले असता, मनात श्रद्धा शाबूत ठेवून, जिभेने नकार देण्याची सवलत आहे. अखेर चारजण उरले. दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी दोन. तरुण मुहम्मद इब्न नूह आणि पन्नाशी ओलांडलेले अहमद इब्न हनबल.

इब्न हनबल यांचा जन्म इ.स. ७८० चा. बंडखोर म्हणावे असे काही त्यांच्यात नव्हते. राज्यकर्त्याविरुद्ध शस्त्र उचलण्याला त्यांचा कायम विरोध राहिला. साधे राहणे, दरबारी देणग्या नाकारणे आणि हजारो हदीसांचा संग्रह, हे त्यांचे आयुष्य. दोघांना बेड्या घालून मामूनच्या छावणीकडे रवाना केले गेले. ते वाटेत असतानाच मामून वारला. चौकशी सुरू होऊन चार-पाच महिनेच झाले होते. परतीच्या वाटेवर इब्न नूह बेड्यांसह मरण पावला. त्याची अंत्यप्रार्थना इब्न हनबल यांनी केली, आणि ते एकटे बगदादच्या तुरुंगात आले.

नवा खलिफा अल-मुतसिम हा शिपाईगडी. त्याला या बारीक वादात रस नव्हता, पण भावाने मरताना हे धोरण चालू ठेवायला सांगितले होते आणि मुख्य काझी इब्न अबी दुआद हा कट्टर मुतझिली पाठीशी होता. दोन वर्षांहून अधिक काळ कोठडीत काढल्यावर इब्न हनबल यांना दरबारात उभे केले गेले. वादविवाद काही दिवस चालला. त्यांचे उत्तर एकच: ईश्वराच्या ग्रंथातून किंवा प्रेषितांच्या परंपरेतून मला काही दाखवा, मी मान्य करतो. तर्काच्या सापळ्यात पाय घालायलाच ते तयार नव्हते. अखेर चाबूक आला. दोन-दोन फटके मारून फटकेवाला बदलला जाई, असे वर्णन येते. शुद्ध हरपेपर्यंत मारून त्यांना घरी सोडण्यात आले.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे. इब्न हनबल यांच्या अनुयायांचे चरित्रग्रंथ सांगतात की ते अखेरपर्यंत झुकले नाहीत. मारताना त्यांचे वस्त्र सुटू लागले आणि चमत्काराने जागीच थांबले, अशीही कथा त्यांत आहे. मुतझिला पक्षाचे लेखक सांगतात की त्यांनी शेवटी मान्य केले, म्हणूनच सुटले. दोन्ही साक्षी पक्षपाती आहेत. मला एवढेच दिसते की मुतसिमला हुतात्मा नको होता आणि बाहेर जमाव जमला होता. दरबारात नेमके काय बोलले गेले असेल ते असो. बगदादच्या रस्त्याने निकाल आपल्यापुरता लावून टाकला. नमलेल्या जुन्या मित्रांशी इब्न हनबल पुढे बोलत नसत. हदीसचा थोर पारखी याह्या इब्न मईन हा त्यांतलाच एक. जिभेची सवलत शास्त्रसंमत होती. पण सगळ्यांनीच ती घेतली तर सत्य लोकांना सांगणार कोण, असे त्यांचे म्हणणे होते.

तिसरा खलिफा अल-वासिक याच्या काळात प्रकरण अधिक काळे झाले. इ.स. ८४५ मध्ये बायझंटाइन सीमेवर लामोस नदीकाठी युद्धकैद्यांची अदलाबदल ठरली. नदीच्या पलीकडे शत्रूच्या कैदेत वर्षे काढलेले मुसलमान होते. खलिफाच्या माणसांनी त्यांनाही प्रश्न विचारला. कुराण निर्मित आहे आणि परलोकात ईश्वराचे दर्शन डोळ्यांनी होत नाही, हे जो मान्य करील त्याचीच सुटका. नकार देणाऱ्यांना शत्रूच्या हाती तसेच ठेवले गेले. या संपूर्ण इतिहासातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी घटना ही आहे. ईश्वराचे एकत्व राखण्यासाठी, त्या एकालाच मानणाऱ्या माणसाला कैदेत मागे सोडायचे!

पुढच्याच वर्षी बगदादेत अहमद इब्न नस्र या प्रतिष्ठित गृहस्थाने उठावाचा बेत केल्याचे उघड झाले. त्याला समर्रा येथे खलिफापुढे आणले तेव्हा उठावाविषयी एक शब्द विचारला गेला नाही. प्रश्न तोच: कुराण, आणि ईश्वराचे दर्शन. वासिकने स्वतः तलवार चालवली. धड समर्ऱ्यात, मस्तक बगदादेत टांगले गेले. इजिप्तहून आणलेला अल-बुवैती, इमाम शाफिई यांचा पट्टशिष्य, त्याच वर्षी बगदादच्या तुरुंगात साखळदंडांसह वारला.

इ.स. ८४७ मध्ये गादीवर आलेल्या अल-मुतवक्किलने हळूहळू हे सारे आवरते घेतले. वादाला बंदी केली, इब्न अबी दुआदचे घराणे पदच्युत केले आणि सहा वर्षे टांगलेला इब्न नस्रचा देह नातलगांच्या हवाली केला. मुतवक्किल काही सहिष्णू नव्हता. ख्रिस्ती, ज्यू आणि शिया यांना त्याच्या कारकिर्दीत फार सोसावे लागले. त्याला लोकमताचा वारा कळत होता, इतकेच. इब्न हनबल यांनी त्याच्याही देणग्या नाकारल्या. इ.स. ८५५ मध्ये ते वारले तेव्हा बगदाद लोटले होते.

सैद्धान्तिक तोडगा पुढे निघाला तो मुतझिलांच्याच शाळेत वाढलेल्या अल-अशअरीकडून (मृत्यू इ.स. ९३६). ईश्वराला गुण आहेत. ते गुण म्हणजे तो नव्हे, आणि त्याच्याहून वेगळेही नव्हेत. वाणी अनादी आहे. कागद, शाई आणि आपल्या कंठातला ध्वनी निर्मित आहेत. तर्काच्या कसोटीवर यात फटी सापडतील, आणि मुतझिलांनी त्या दाखवल्याही. पण रोज कुराण पढणाऱ्या माणसाला यात आपली जागा सापडली. सुन्नी जगाचा मोठा भाग आजही या किंवा याच्या जवळपासच्या मतावर आहे, तर हनबली परंपरेला एवढीही चिकित्सा नको असते. मुतझिलांचा विचार शियांच्या काही शाखांत टिकून राहिला.

खलिफांना मात्र ईश्वराच्या स्वरूपाचा निवाडा हुकमाने करण्याचा अधिकार पुन्हा तसा मिळाला नाही. तो विद्वानांकडे गेला. यामुळे सक्ती संपली असे मात्र नव्हे, ती दुसऱ्या दिशेने वाहू लागली. अकराव्या शतकाच्या आरंभी खलिफा अल-कादिर याने मुतझिली मताच्या काझींकडून पश्चात्तापाची कबुली लिहून घेतली आणि कुराण निर्मित म्हणणारा धर्मबाह्य आहे, असे श्रद्धापत्रक जाहीर केले. मामूनचे पत्र जणू आरशात उलटे दिसावे.

या अल-कादिरचा पूर्वेकडील सर्वांत निष्ठावान सरदार म्हणजे लाहोरच्या नाण्यावरचा महमूद. ‘राज्याचा उजवा हात’ हा किताब त्याला याच खलिफाने दिला होता. इ.स. १०२९ मध्ये महमूदाने आजच्या तेहरानजवळचे रय्य शहर घेतले. मुतझिलांना तेथून खुरासानात हद्दपार केले आणि त्यांचे व तत्त्वज्ञांचे ग्रंथ जाळले. ‘अव्यक्तम् एकम्’ कोरलेली त्याची नाणी तेव्हा पंजाबच्या बाजारात चालू होती. ती पाडून दोनच वर्षे झाली होती.